चावडीवरची हजेरी आणि साक्षांकन नमुना

२०२४ च्या मार्चमध्ये एका रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. पवित्र पोर्टलच्या यादीत त्याचं नाव लागून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. शेजारच्या एका जिल्हा परिषदेत शिक्षण सेवक, महिना सोळा हजार मानधन, तीन वर्षांनी कायम. वस्तीत पेढे वाटून झाले होते, विहारात सत्कारही झाला होता. फोनवर तो एवढंच म्हणाला, "दादा, साक्षांकन नमुना भरायला बसलोय. त्या रकान्यात लिहू का नको?"

कोणत्या रकान्यात, हे मी विचारलं नाही. सरकारी नोकरीचा हा नमुना ज्यांनी भरलाय त्यांना तो रकाना पाठ असतो. तुम्हाला कधी अटक झाली आहे काय? तुमच्यावर खटला भरला होता काय? दंड झाला आहे काय? न्यायालयाने दोषी ठरवलं आहे काय? आणि वर ठळक इशारा, माहिती खोटी दिली किंवा दडवली तर अपात्र.

त्या प्रश्नाचं त्याचं उत्तर 'होय' होतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावात काय झालं ते या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. ३ जानेवारीच्या महाराष्ट्र बंदला आपण सगळेच रस्त्यावर होतो. मावसभाऊ तेव्हा बावीस वर्षांचा, डी.एड. करून टीईटीचा अभ्यास करत होता. सकाळी मी त्याला घरातून उठवून नेलं. मावशी म्हणाली, "त्याला कशाला नेतूस? त्याचा अभ्यास हाय." मी तिलाच समाज आणि स्वाभिमान शिकवला. आम्ही गावाच्या फाट्यावर बसलो, घोषणा दिल्या, दोन तासांनी उठलो. एक काच फुटली नाही. संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. आठ नावं, 'व इतर ४० ते ५० इसम'. भादंवि १४३, ३४१, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७(१)(३) चं उल्लंघन म्हणून १३५. आठांत माझं नाव पहिलं, त्याचं सहावं.

मग तारखा. तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकराला जायचं, दुपारी चारला पुढची तारीख घेऊन यायचं. २०१९ मध्ये लोकअदालत लागली. वकील म्हणाले, गुन्हा कबूल करा, पाचशे रुपये दंड भरा, मोकळे व्हा. मी कबूल केला नाही. आम्ही गुन्हा केलाच नव्हता, मग कबूल कशाला, असं माझं म्हणणं. पण भावाला मीच सांगितलं, "तुझा अभ्यास बुडतोय, तू भर आणि सुट." त्यानं भरले. पाचशेची पावती घेऊन आम्ही कोर्टाबाहेर भजी खाल्ली.

२०२० च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, की भीमा कोरेगाव प्रकरणातल्या ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतले जात आहेत. पुढं आमचाही खटला सरकारी वकिलांच्या अर्जावर मिटला. पण तो मिटला तारखांना फिरणाऱ्यांचा. ज्यानं कबुली देऊन दंड भरला त्याचा निकाल आधीच लागला होता. आज पोलिसांच्या संगणकावर माझ्या नावापुढं 'खटला मागे' असं दिसतं आणि त्याच्या नावापुढं 'दोषी, दंड'. बंद पुकारणारा, पुढं बसणारा, घोषणा देणारा मी स्वच्छ. मला तर शिक्षक व्हायचंही नव्हतं.

तर त्या रात्री काय सांगायचं?

मला माझी आजी आठवत होती. तिचं माहेर वाटेगावकडचं, म्हणजे अण्णाभाऊंच्या गावाकडचं. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. तिच्या लहानपणी मांग-रामोशांच्या घरातल्या पुरुषांची हजेरी घेतली जायची. ती सांगायची, "रातच्याला चावडीचा माणूस हाळी द्यायचा. बा झोपेतनं उठून 'हाय जी' म्हणायचा. हाळीला वो दिली न्हाई की सकाळी फौजदार दारात." तिच्या बापानं चोरी केली होती का, हे मी लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, "चोरी कशाला लागती? जात हाय की." ज्यांनी 'फकिरा' वाचली आहे त्यांना ही हजेरी नवी नाही. अण्णाभाऊंनी ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ती उगाच नव्हे.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर देशभर ताणला गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. आपण तो विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण मुंबई राज्यानं १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि सराईत कोण हे ठरवणारे हात तेच राहिले. जात जाऊन व्यक्ती आली, एवढाच कागदावरचा फरक. १९२८ मध्ये मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते, आणि त्या समितीत बाबासाहेब सदस्य होते. शाळेचा प्रश्न आणि 'गुन्हेगार' या शिक्क्याचा प्रश्न एकाच टेबलावर बसले होते, याला आता शंभर वर्षं होत आली.

आजचं उदाहरण देतो. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत ठेकेदारामार्फत शिपाई म्हणून लागलेला पारधी समाजाचा एक तरुण माझ्याकडे आला होता. एकोणीस वर्षांचा असताना तो एस.टी. स्टँडवर झोपला होता. पोलिसांनी उचलला आणि कलम १२२ लावलं. हे कलम म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडणं. घर नसलेल्या माणसानं सूर्यास्तानंतर सापडायचं तरी कुठं? त्याला काढायला कागदही लागला नाही, ठेकेदाराचा एक फोन पुरला.

आता दुसरी बाजू. ती आपल्या बैठकांत कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. बदलापूरच्या शाळेत २०२४ च्या ऑगस्टमध्ये दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. आरोपी सफाई कर्मचारी होता. लोक रेल्वे रुळावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला. त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिसांमार्फत चारित्र्य पडताळणी. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत ही पडताळणी आधीपासूनच होती. कायम असो की कंत्राटी, शिक्षक असो की शिपाई, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची, आणि एकदाच नव्हे तर ठरावीक काळानं. चार वर्षं ती कुणाला आठवली नव्हती.

त्या शासन निर्णयावर आपल्या एका व्हॉट्सअॅप गटात कुणीतरी लिहिलं, 'हा आपल्या पोरांना नोकरीतून हाकलायचा डाव आहे'. मी तेव्हाच विरोध केला आणि आजही करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कोण बसतं? आश्रमशाळेत कोण झोपतं? सधन घरातली पोरं कधीच इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसून गेली. फळ्यासमोर उरलीत ती आपली, ऊसतोड कामगारांची, पारध्यांची, वडारांची. पडताळणी ढिली झाली तर भोगणार आपल्याच लेकी. त्यामुळे 'पडताळणी नको' ही मागणी आंबेडकरी माणसाची असू शकत नाही.

पण पडताळणी कुणाची होते ते बघा. २०१८ च्या सप्टेंबरात आमच्या वाळवा तालुक्यात, कुरळपच्या आश्रमशाळेत, मुलींवर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली अटक झाली ती संस्थेच्या संस्थापकालाच. शिपायाची पडताळणी होते, स्वयंपाकिणीची होते, शिक्षण सेवकाची होते. संस्थाचालकाची कोण करतं? जो नेमणूक पत्रावर सही करतो तो साक्षांकन नमुना भरत नाही.

आणि बदलापूरची आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नव्हे. त्या मुलींसाठी रुळावर उतरलेल्या शेकडो लोकांवरही गुन्हे दाखल झाले. उद्या त्यांतला एखादा शाळेत शिपाई व्हायला गेला, तर लेकरांच्या सुरक्षिततेसाठी आंदोलन केल्याची नोंद लेकरांच्या सुरक्षिततेच्या पडताळणीत त्याच्या आडवी येईल.

इथं कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण चहाच्या टपरीवर याबद्दल फार चुकीचं बोललं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २१ जुलै २०१६ ला अवतार सिंग प्रकरणात तत्त्वं घालून दिली. माहिती खरी द्या, दडवू नका. तरुण वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ प्रकार असेल तर नेमणूक करणाऱ्यानं तो दुर्लक्षित करता येईल. गंभीर गुन्ह्यात तांत्रिक कारणानं सुटका झाली असेल तर ती बघता येईल. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असा हक्क नाही. पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाच्या प्रकरणात याच न्यायालयानं व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली होती. भुकेल्या घरासाठी पाव चोरला आणि जन्मभर चोर ठरला, तो. वय लहान असताना केलेल्या चुकीनं माणसाला आयुष्यभर डागू नये, असा त्या निकालाचा सूर आहे. अठराच्या आतल्या मुलांसाठी तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ स्पष्ट आहे. अशा दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालला, त्याचा अपवाद.

'घोषणा देणं' हे शब्द वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण निकालात 'दुर्लक्षित करता येईल' आहे, 'करावं' नाही. म्हणजे सगळं त्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या विवेकावर. आणि आपल्या भागात विवेकाला आडनाव दिसतं.

कधी कधी मी नागनाथअण्णा नायकवडींचा विचार करतो. वाळव्याचा माणूस. प्रतिसरकारच्या काळात, १९४४ मध्ये, धुळ्याच्या खजिन्याची लूट, मग पकडले गेले तर त्याच वर्षी सातारच्या तुरुंगाचा तट चढून पसार. स्वातंत्र्यानंतर याच माणसानं वाळव्यात शाळा, वसतिगृह, साखर कारखाना उभा केला, पुढं पद्मभूषण झाला. दरोडा, तुरुंग फोडणं, फरार. आजच्या नमुन्यात अण्णांना पुरवणी जोडावी लागली असती. त्यांच्या नोंदीला आपण क्रांती म्हणतो आणि त्यांचे पुतळे उभारतो, ते बरोबरच आहे. मग संविधानानं दिलेल्या हक्कानं फाट्यावर दोन तास बसलेल्या पोराच्या नोंदीला काय म्हणायचं?

म्हणून काही मित्र म्हणतात, फक्त दोषसिद्धी बघा, नुसता गुन्हा दाखल असेल तर बघूच नका. ऐकायला छान वाटतं. पण मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण इंग्लंडमधलं आहे. २००२ मध्ये सोहॅम नावाच्या गावात दहा-दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी एका शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध आधी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे अनेक तक्रारी झाल्या होत्या, पण त्या अत्याचारांबद्दल तो कधी दोषी ठरला नव्हता. म्हणून नोकरी देताना काहीच दिसलं नाही. बिचर्ड चौकशीनंतर तिथली पद्धत बदलली. पण त्याच देशात पुढं जुन्या, किरकोळ नोंदी पडताळणीच्या दाखल्यात न दाखवण्याची व्यवस्थाही झाली. मुलांना धोका असलेली नोंद आणि माणसाच्या तरुणपणाची नोंद यांत फरक करायला त्यांनाही वेळ लागला, पण त्यांनी तो केला.

आपल्याकडे हा फरक करताना आणखी एक गाठ आहे. अॅट्रॉसिटीची फिर्याद दिली की दोन दिवसांत उलटी फिर्याद येते. कधी दरोड्याची, कधी विनयभंगाची. हे ज्यांनी गावात केस लढवली आहे ते जाणतात. विनयभंगाच्या नोंदीवर डोळे मिटून 'शाळेत नको' म्हटलं तर या खोट्या फिर्यादींना आपणच धार लावून देतो. आणि 'खोटीच असेल' म्हणून सोडून दिलं तर सोहॅम होतं. याला संगणकाचं उत्तर नाही. ती फाईल कुणीतरी बसून वाचली पाहिजे. फिर्याद कुणाची, कधीची, तिच्या आधी काय घडलं, साक्षीदार कोण, हे बघितलं पाहिजे. त्या वाचणाऱ्यांत शिक्षणाधिकाऱ्यासोबत जिल्हा बाल संरक्षण अधिकारी आणि एक महिला वकील असावी. उमेदवाराला समोर बोलवावं, साठ दिवसांत लेखी कारणासह उत्तर द्यावं. लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याचा खटला चालू असेल तर निकाल लागेपर्यंत वर्गात नेमणूक नाही, यात मला कसलीही सूट नको आहे. बंद, मोर्चा, रास्ता रोको, १२२ असल्या नोंदींवर मात्र वर्षवर्ष फाईल अडवून ठेवणं हा निव्वळ छळ आहे. आणि संस्थाचालकापासून शिपायापर्यंत नमुना एकच हवा.

त्या रात्री मी भावाला सांगितलं, "लिही. सगळं लिही. गुन्हा क्रमांक, कलमं, तारीख, दंड. निकालाची प्रमाणित नक्कल जोड, आणि बाकी सात जणांचा खटला सरकारनं मागं घेतला त्या आदेशाचीही." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे मी गुन्हेगार आहे असं लिहू?" मी म्हणालो, "दंड झाला असं लिही." फोन ठेवल्यावर माझी झोप गेली. दडव म्हणालो असतो तर त्यानं दडवलं असतं, तो माझं ऐकतो. आणि दडवलेलं नंतर उघडं पडलं तर कोणत्याही कोर्टात उभं राहायला जागा उरत नाही.

त्याच्यासोबतचे रुजू झाले, त्याचा आदेश आला नाही. कार्यालयात विचारलं की उत्तर एकच, पोलीस अहवाल प्रतिकूल, प्रकरण मार्गदर्शनासाठी वर पाठवलंय. प्रतिकूल का, याचं कारण कागदावर नाही. वर म्हणजे कुठं, हेही तिथला कुणी सांगत नाही. दरम्यान त्याच्या वाट्याच्या शाळेत दोन शिक्षकांवर चार वर्ग चालतात.

तरुण कार्यकर्त्यांना एक कळकळीची विनंती. लोकअदालतीत 'कबूल करा आणि सुटा' म्हणतील तेव्हा सुटू नका. पाचशे रुपये स्वस्त वाटतात. कबुली म्हणजे दोषसिद्धी असते. आंदोलनाचे खटले मागे घेण्यासाठी वेळोवेळी शासन निर्णय निघतात, जीवितहानी नसावी, नुकसान पाच लाखांच्या वर नसावं अशा अटी असतात, आणि त्यांचा फायदा खटला चालू असेल तरच होतो. कबूल करणं भागच पडलं, तर परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ किंवा ४ खाली सोडण्याची मागणी करा. त्याच कायद्याचं कलम १२ दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून संरक्षण देतं. हे त्या दिवशी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आणि नेत्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, दुसरी विनंती. पोरांना रस्त्यावर नेताना जसा झेंडा घेता तसा वकीलही घ्या.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा-सांगलीकरांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. भावाची रिट याचिका तिथं तयार होते आहे. वकिलांनी नकलांची यादी दिली, त्यात ती पाचशे रुपयांची पावतीही होती. ती मावशीच्या ट्रंकेत, त्याच्या डी.एड.च्या प्रमाणपत्राच्या प्लॅस्टिकमध्येच निघाली. तो सध्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो आणि संध्याकाळी विहारात पोरांची अभ्यासिका घेतो. गेल्या रविवारी मी तिथं गेलो तेव्हा तो पाचवीच्या शिष्यवृत्तीची गणितं शिकवत होता. सुरुवातीला त्यानं हजेरी घेतली. एकेक पोरगं उठून 'जय भीम सर' म्हणत होतं.